साफ केलेली पिन

सीतादहीच्या दिवशी वावराच्या मालकांची, सदाशिवरावांची, बायको यवतमाळला दवाखान्यात होती, म्हणून पूजेचा मान तानाबाईकडं आला. तांड्यावरून कापूस वेचायला येणाऱ्या बायांची ती म्होरकी. बाया तिनंच गोळा करायच्या, त्यांची भांडणं तिनंच सोडवायची, आणि संध्याकाळी तोलताना मालकाचा अंगठा काट्याला लागला तर तोही तिनंच उचलून बाजूला ठेवायचा. वावराच्या उगवतीकडल्या धुऱ्याशी, बांधालगत, तिनं कापसाची एक डेरेदार पऱ्हाटी निवडली, बुडाशी धुतलेले गोटे मांडले, कुंकवाची बोटं ओढली आणि पळसाच्या पानावर दहीभात ठेवला. हंगामाची पहिली वेचणी, तिचीच ही पूजा. एरवी या दिवसांत वावर पांढरं होऊन जातं. यंदा बोंडं भरपूर होती, पण निम्मी जराशी तोंड उघडून तशीच काळवंडली होती. नखानं फोडलं की आत गुलाबी अळी आळसावल्यासारखी वळायची.

नुजहत धुऱ्यावर अस्माला कडेवर घेऊन उभी होती. पोर झाल्यापासून दवाखाना सोडून ती दिग्रसच्या बाहेर पडली नव्हती. बी.एस्सी. झाली, लग्न झालं, अस्मा झाली, आणि मग सगळा जीव पोरीच्या कपाळाला हात लावून पाहण्यातच राहिला. बायांची पिकअप चालवणारा तिचा नवरा अय्याजच म्हणाला होता, "चल, पोरीले कापूस दाखव. घरात बसून तू अशीच थर्मामीटर होऊन जाशीन."

पूजा झाली तशी अय्याजनं खोडी काढली. "मावशी, आमच्या गाडीले कुंकू नाही का?"

तानाबाई कमरेवर हात ठेवून पिकअपकडं पाहत राहिली. "लावते ना बापा. आमाले रोज वाहून आणते, थो बी बैलच हाय आपला." तिनं बॉनेटवर कुंकू लावलं. मग दह्याचा तांब्या घेऊन थबकली. "बैलाचे पाय धुतेत. याचे पाय कोणते?"

"चाकं!" बाया ओरडल्या.

"चाकं म्हंजे खूर झाले." तिनं ड्रायव्हरचं दार उघडलं, वाकून आत पाहिलं. "हा आपले पाय कुठी ठेवते? इथं ना? मंग हेच याचे पाय." आणि उरलेलं दहीपाणी तिनं तिन्ही पॅडलांवर ओतलं. नुसतं ओतलं नाही, बैलाचा पाय गुडघ्यापासून चोळावा तसं हातानं वरपर्यंत उडवून चोळलं.

"अवो मावशी, मॅट!"

"मॅट धुजो घरी जाऊन. जलालभाईले सांगजो, तानाबाईनं तुमचा बैल धुतला."

सगळ्या हसल्या. येताना तिनं दह्याचं बोट अस्माच्या तोंडात घातलं. बोंडाच्या काट्यांनी चिरलेलं, जाड बोट. पोरीला खोकला होता, दही बाहेरचं होतं. नुजहतनं पोरीला मागं ओढलं, पण अस्मा ते बोट सोडायला तयार नव्हती.

दिवाळीनंतर गाडीची कुरकुर सुरू झाली. मध्येच डॅशवर पिवळा दिवा लागायचा आणि एक्सलेटर दाबला तरी इंजिन जागच्या जागी घुरघुरत राहायचं, रेसच घ्यायचं नाही. चावी बंद करून पुन्हा लावली की सगळं ठीक. अय्याजनं बापाला सांगितलं. जलालभाई दिग्रसचा जुना मिस्त्री. त्याच्या गॅरेजसमोर सकाळी चहाला निम्मा बाजार जमायचा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्याला जवळचं धूसर दिसायचं, पण हात तेच होते. त्यानं गाडी आर्णी नाक्यापर्यंत पळवून आणली. गाडी पाण्यासारखी गेली. डिझेल फिल्टर बदलला, टाकीच्या तळाचं पाणी काढलं. दोन दिवसांनी अय्याज पुन्हा तेच सांगत आला.

"माह्यासमोर काहून करत नाही ते?" जलालभाईनं कप खाली ठेवला. "गाडीले काही नाही झालं. पहाटे बाया आणाच्या, संध्याकाळी कापूस न्याचा, आन् घरी पोरगी झोपू देत नाही. तुह्या झोपीले झालं आहे जे झालं ते."

चहा पिणारे हसले. पोलीस ठाण्याचे जमादारही त्यात होते, तेही हसले. अय्याजनं फडकं खांद्यावर टाकलं आणि गाडीत जाऊन बसला. मागच्या घराच्या पडद्याआडून नुजहतनं त्याचा चेहरा पाहिला होता. अस्माला त्या आठवड्यात ताप होता, आणि रात्ररात्र तोच तिला खांद्यावर घेऊन फिरत होता.

अपघात दिवस मावळताना झाला. वावराच्या पांदणीतून चढून पिकअप आर्णी रोडला लागत होती. हौद्यात कापसाची गाठोडी आणि त्यावर बाया. रस्ता मोकळा पाहून अय्याजनं गाडी वर घेतली, आणि नेमकं पुढचं चाक डांबरावर चढून मागचं पांदणीत असताना पॅडल मेलं. गाडी आडवी थांबली. अय्याज एक्सलेटर दाबतो आहे, बाया "हाल ना रे" म्हणून ओरडताहेत, आणि आर्णीकडून ट्रक येतो आहे. ट्रकवाल्यानं ब्रेक मारले, पण मागच्या कोपऱ्याला धडक बसलीच. फाळका उघडला. गाठोडी आणि बाया रस्त्यावर पडल्या. बाकीच्यांची हाडं मोडली, डोकी फुटली. तानाबाई सगळ्यांत वर बसली होती. यवतमाळच्या वाटेतच ती गेली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात नुजहतनं तिचा हात पाहिला. चादरीच्या बाहेर राहिलेला. नखांत कापसाचे तंतू अडकले होते.

ट्रकवाल्यानं सांगितलं, पोरगा रस्त्याच्या मधात गाडी घालून थांबला, झोपेत होता का काय. जमादारांनी तेच लिहून घेतलं. अय्याज एकच वाक्य घोकत होता, "मी दाबलं होतं. पूर्ण दाबलं होतं." जमादार त्याला ठाण्यात नेताना जलालभाईला म्हणाले, "चाचा, तुमीच म्हणत होते ना त्या दिवशी चहावर? झोपीचं?" 

दुसऱ्या दिवशी जमादारांचा निरोप आला. गाडी अपघाताच्या जागेजवळच, एका वजनकाट्याच्या अंगणात ढकलून ठेवली आहे. परवा आरटीओचे साहेब तपासायला येतील, त्याआधी ती ठाण्यात आणून लावा. ओढून आणायला आमच्याकडं काही नाही. तुम्ही मिस्त्री आहात, चालू करा आन् घेऊन या.

नुजहतची सासू मलिका डबा घेऊन ठाण्यावर गेली होती. अस्मा दुसऱ्या कोणाकडं राहीना. जलालभाईनं औजारांची पेटी उचलली आणि दारात उभा राहिला. "बहू, तू चालतेस का? मले दिसत नाही नीट. कोणी बत्ती धरली पाह्यजे." मग खाली पाहून म्हणाला, "आपलं पोरगं खरं बोलून राह्यलं का नाही, थे पाहाचं हाय."

"ते खरंच बोलतात, अब्बा. साहेबासमोर ते दिसलं म्हणजे झालं," नुजहत म्हणाली. वाटेतही, सवारीच्या जीपमध्ये बसल्यापासून, ती मनात तेच घोकत होती. फॉल्ट सापडला की साहेब लिहितील. साहेबांनी लिहिलं की अय्याज सुटला.

पिकअप निंबाच्या झाडाखाली उभी होती. मागचा कोपरा आत दबलेला, फाळका तारेनं बांधलेला. हौद्याच्या सांध्यांत कापूस अजून अडकून होता आणि वाऱ्यानं थरथरत होता. जलालभाईनं चावी फिरवली. इंजिन लागलं. पिवळा दिवाही लागला, आणि विझला नाही. त्यानं एक्सलेटर दाबला. काही नाही. पुन्हा दाबला, पार तळाला टेकेपर्यंत. इंजिन आपलं हळूहळू घुरघुरत राहिलं.

जलालभाईनं पाय काढला. स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. "बिमार हाय," तो म्हणाला. "गाडी खरंच बिमार हाय रे अल्ला. अन् मी त्याले चारचौघांत..." 

बाजारपेठेत स्कॅनर घेऊन बसणाऱ्या अभिषेकला त्यानं फोन लावला. तो मोटरसायकलवरून आला, मशीनची वायर डॅशखाली खोचली आणि पडद्यावर पाहत म्हणाला, "पॅडलचा सेन्सर दाखवते, चाचा. जुन्या गाड्यांसारखी केबल नसते याच्यात. पॅडलच्या डोक्यावर सेन्सर हाय. पाय किती दाबला, थे दोन वायरींनी कॉम्प्युटरले सांगते. दोन साक्षीदार समजा. एक जितकं सांगन त्याच्या अर्धं दुसऱ्यानं सांगाचं. दोघाची जबानी नाही जुळली, का कॉम्प्युटर कोणाचंच ऐकत नाही. इंजिन जागेवर ठेवते."

"पाय खोटा समजते?" जलालभाईनं विचारलं.

"असंच समजा."

नुजहतनं पडदा पाहिला. अभिषेक पॅडल हळूहळू दाबत होता. एक आकडा शिस्तीत चढत होता. दुसरा थोडा चढायचा, अडखळायचा, एकदम खाली पडायचा. तिला प्रॅक्टिकलचे तास आठवले. "दुसऱ्या वायरीत कुठंतरी अडतंय," ती म्हणाली. "सेन्सर खराब असता तर तो असा थरथरला नसता. जोड सैल असेल, किंवा घाण असेल."

"वैनी बरोबर सांगून राह्यल्या. प्लग पाहा, चाचा."

जलालभाई डॅशखाली आडवा झाला. पाय दाराबाहेर, डोकं पॅडलांमध्ये. दाराच्या पत्र्याची कड पाठीला टोचत असणार, पण तो सरकत सरकत आत शिरला. नुजहत दाराशी उकिडवी बसली, एका हातात अस्माचा फ्रॉक, एका हातात मोबाइलची बत्ती. प्लगचा खटका तुटलेला होता. तो नुसता अडकून बसला होता. जलालभाईनं तो ओढून काढला, डोळ्यांजवळ नेला, दिसेना म्हणून नाकाजवळ नेला.

"आंबट," तो म्हणाला.

नुजहत वाकली. उजेडात पिना दिसल्या. एक पिन हिरवी पडली होती, तिच्याभोवती पांढुरका, वाळलेला थर होता, खरवडीसारखा. प्लगच्या रबरातही तोच. आणि तिला तो तांब्या दिसला, वरपर्यंत चोळत गेलेला तो जाड हात.

"दही आहे, अब्बा," ती म्हणाली. "सीतादहीचं. तानामावशीनं पॅडलं धुतली होती त्या दिवशी. मी तिथंच होते."

 अभिषेकनं मान फिरवली. रस्त्यावरून ट्रक गेला, त्याच्या वाऱ्यानं निंबाची पानं पडली.

"तिनं बैल धुतला," जलालभाई पुटपुटला. मग खाकरला आणि हात बाहेर काढला. "पिना घासाले पेटीतली पत्ती दे, बहू. बारीक. हाच फॉल्ट हाय का दुसरा कुठी हाय, थे साफ केल्याबगर समजत नसते."

तिनं पत्ती दिली. देताना मनात काहीतरी टोचलं, काय ते धरता येण्याआधीच तिच्या हातातला फ्रॉक सुटला होता. अस्मा दुडुदुडु डांबराकडं निघाली होती. नुजहत ओरडत धावली, रस्त्याच्या कडेला तिनं पोरीला झडप घालून उचललं, छातीशी दाबलं. समोरून गेलेल्या ट्रकचा भोंगा कानात वाजत राहिला.  तिथंच रस्त्याकडेला बसून ती अस्माला रागावत आणि पापे घेत राहिली. परत आली तेव्हा जलालभाई प्लगवर फुंकर मारत होता. पिना नव्यासारख्या चकाकत होत्या. त्यानं त्यावर डबीतला स्प्रे मारला, फडक्यानं पुसलं, खटक्याच्या जागी तार गुंडाळून प्लग घट्ट बसवला.

"दाब."

अभिषेकनं दाबलं. दोन्ही आकडे बरोबर चढले, बरोबर उतरले. "फॉल्टचे जुने कोड मशीनमधून उडवतो, चाचा. परत येते का पाहू," म्हणून त्यानं मशीनवर बटण दाबलं. पिवळा दिवा विझला. पॅडल दाबलं तसं इंजिन गरजून उठलं. निंबावरचे कावळे उडाले. जलालभाई डॅशखालून बाहेर आला. केसांत माती, कपाळावर ग्रीस, आणि तोंडभर हसू. "सापडला!" तो म्हणाला. "पोरगं खरं होतं माहं!" त्यानं अस्माला उचलून हवेत फेकलं, झेललं. नुजहत तोंडावर ओढणी धरून रडत होती, हसत होती. अभिषेकनं पैसे घेतले नाहीत.

दिग्रसकडं निघताना गाडी जलालभाईनं चालवली. नुजहत शेजारी. पांदण जिथं रस्त्याला मिळते तिथं चढ होता. कडेला कापूस आणि काचेचे तुकडे तसेच पडलेले. जलालभाईनं गिअर बदलला आणि पाय दाबला. गाडी तिथून इतकी सहज, इतकी हलकी वर निघाली, की नुजहतनं वळून त्याच्या पायाकडं पाहिलं.

"अब्बा," ती म्हणाली. "आता साहेबांना दाखवायचं काय?"

जलालभाई पुढं पाहत होता.  मग त्याचा पाय हळूहळू वर आला. इंजिनाचा आवाज उतरत उतरत घुरघुरीवर आला, आणि गाडी तशीच, कोणी ढकलत असल्यासारखी, रस्त्याच्या कडेनं सरकत राहिली.

"घाण दिसली," तो म्हणाला. "हात गेला."

नुजहतनं हातातल्या मोबाइलकडं पाहिलं. तिनं त्याची बत्ती अजून बंद केली नव्हती. फोटो मात्र एकही काढला नव्हता.

आरटीओचे साहेब भले माणूस होते. ठाण्याच्या आवारात त्यांनी गाडीला फेरी मारली, ब्रेक पाहिले, बॉनेट उघडलं, स्वतः बसून आवाराला चक्कर मारून आणली. जलालभाई त्यांच्या मागे मागे चालत होता. त्यानं सगळं सांगितलं. हिरवी पिन, थर, पत्ती, स्प्रे. अभिषेकही येऊन उभा राहिला, मी माझ्या मशीनवर पाहिलं म्हणाला.

"कुठं आहे ते?" साहेबांनी विचारलं.

"उडवलं, साहेब. नेहमी उडवतेच."

"म्हणजे अपघातातली गाडी तपासणीआधी तुम्ही उघडली?"

जमादार पटकन पुढं आले. "मी नुसतं चालू करून आणा म्हणलं होतं, साहेब. उघडा नाही म्हणलं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा आवाज मऊ होता. "चाचा, मी पाहतो ते लिहितो. तुम्ही सांगता ते मी लिहिलं, तर समोरचा वकील म्हणेल बापानं गाडीत हात घातला. मग मुलाबरोबर तुम्हीही अडकाल. मी काही ऐकलं नाही असं समजतो. चालेल?"

जलालभाईनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कोणाला कळलं नाही. कागदावर लिहिलं गेलं की वाहनात कोणताही यांत्रिक दोष आढळला नाही.

सदाशिवराव जामीन राहिले, अय्याज घरी आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मलिकानं त्याच्यावरून मीठ-मिरची उतरवली, ताट वाढलं. तो घास घेत नव्हता. बाजेवर बसला होता आणि त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा, सुटायचा, पुन्हा दाबला जायचा. त्याला ते माहीतही नसावं. अस्मा त्या पायाशी खेळायला गेली तसा त्यानं दचकून पाय वर घेतला.

"मले आता समजत नाही, नुजहत," तो म्हणाला. "दाबलं होतं असं वाटते. पण झोपेतबी माणसाले वाटतेच ना."

नुजहत त्याच्यासमोर बसली. सगळं सांगितलं. दुसरा आकडा कसा थरथरत होता, प्लग कसा आंबट होता, दही.

"दही?" अय्याजनं वर पाहिलं. "मावशीचं दही?" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा हलला, हसू आलं, आणि त्याच्यामागं रडूही. "मॅट धुजो म्हणे. मी मॅटच धुतली. वरतं कोण पाहाते." मग त्यानं घास तोडला. मलिका वाढत गेली, तो खात गेला. त्या दुपारी तो अस्माला पोटावर घेऊन गाढ झोपला. नुजहत दारात बसून दोघांचा श्वास पाहत राहिली.

प्रेमसिंग चार-पाच दिवसांनी आला. तानाबाईचा नवरा, वाळक्या अंगाचा, मुका वाटावा इतका कमी बोलणारा. गॅरेजमध्ये टायरवर बसला. मलिकानं पाणी आणलं, त्यानं पेला हातात घेतला, प्यायला नाही.

"जलालभाई, मी भांडाले नाही आलो," तो म्हणाला. "तांड्यावर लोकं म्हणतेत पोरगं झोपलं होतं. कागदबी तसाच हाय म्हणतेत. तुमी गाडी पाह्यली. मले फक्त खरं सांगा. इच्यासाठी विचारून राह्यलो, का घरात पोरी विचारतेत मले, याडी, आमची माय, कायनं मेली."

जलालभाई पाने पुसत होता. नुजहत पडद्याशी होती. तिच्यामागं अय्याज येऊन उभा राहिलेला तिला जाणवला.

"गाडी बंद पडली, प्रेमसिंग. पॅडलच्या प्लगमधी घाण गेलती. पोराचा कसूर नाही."

"कायची घाण?"

जलालभाईचा हात थांबला. नुजहतनं त्याच्या पाठीकडं पाहिलं. सांगायचं म्हणजे तानाबाईचाच हात सांगायचा, तिचा तांब्या, तिचं हसणं. हा माणूस ते घेऊन घरी जाणार आणि पोरींना सांगणार.

"पाणी," जलालभाई म्हणाला. "पाणी गेलतं."

"पाणी? यंदा तं मागून पाणी पडलंच नाही."

"धुताना गेलं असन."

"कोणं धुतली?"

जलालभाईनं पाना पेटीत ठेवला. "मीच धुतली," तो म्हणाला.

प्रेमसिंगनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. मग पेला खाली ठेवला. "बरं झालं सांगतलं," म्हणाला, आणि उठून गेला. रस्त्यावर जाईपर्यंत त्यानं मागं पाहिलं नाही.

पडदा सरकला. अय्याज बाहेर आला. आवाज चढलेला नव्हता.

"मले दही सांगतलं. त्याले पाणी सांगतलं. कोर्टात काय सांगसान, अब्बा?"

"त्याले कसं सांगू रे? त्याच्याच बायकोनं..."

"ज्याले जे बरं वाटन थे सांगून राह्यले तुमी. त्याले त्याचं. मले माहं."

"अय्याज, मी पाहिलंय माझ्या डोळ्यांनी," नुजहत पुढं आली. "ती पिन..."

"तू माही बायको आहेस, नुजहत," तो म्हणाला, थकून, जवळजवळ मायेनं. "तू तं पाहशीनच."

तो आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजला. त्या दिवसापासून त्यानं जेवताना घास मोजल्यासारखे घेतले, आणि कोणी अपघाताचं बोललं की मान खाली घालून "हो, झोप लागली असन" म्हणू लागला. एकदा तर चहाच्या बाकड्यावर त्यानं ते आपणहून सांगितलं. जलालभाई चहाचा कप तसाच ठेवून आत निघून गेला.

गाडी ठाण्यातून सुटून आली तेव्हा कापूस संपत आला होता. उभ्या पऱ्हाट्या उपटून लोक धुऱ्यावर रचत होते. पिकअप गॅरेजसमोर लावली होती. दुपारी नुजहत धुणं वाळत घालत होती, तेव्हा जलालभाईनं अय्याजला हाक मारली. "ये, बस इथं. तुले दाखवतो."

अय्याज आला आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसला. जलालभाई खाली आडवा झाला, डोकं आत घातलं. प्लगवरची तार त्यानं सोडून टाकली. "चावी लाव. आता दाब."

इंजिन उठलं.

"थांब, वायर हालवतो. दाब."

इंजिन उठलं.

"आता?" त्यानं प्लग अर्धवट बाहेर ओढला, वाकडा केला, बोटानं ठोकला. उभा जन्म लोकांच्या बंद पडलेल्या गाड्या चालू करण्यात गेला होता. आज तो घामाघूम होऊन एक चालू गाडी बंद पडावी म्हणून झटत होता. "आता दाब, बेटा. आता होईन."

अय्याजनं दाबलं. इंजिन नव्या गाडीसारखं गरजलं. दिवा लागला नाही.

"चालते ना, अब्बा," अय्याज म्हणाला. त्यानं बापाच्या पायावरून काळजीपूर्वक पाय टाकला, खाली उतरला आणि घरात गेला.

जलालभाई तसाच पडून होता. दाराबाहेर त्याच्या टाचा दिसत होत्या, भेगा पडलेल्या, ग्रीसनं काळ्या. आतून त्याचा आवाज आला. "गेला का थो?"

"गेले," नुजहत म्हणाली.

"मी वायर धरून ठेवली हाय. आणखी एकदा पाहू."

नुजहतनं हातातला ओला फ्रॉक दोरीवर टाकला. ती कधी या सीटवर बसली नव्हती. चप्पल काढून ती चढली, स्टिअरिंग धरलं, खाली वाकून कोणतं पॅडल ते पाहिलं आणि अनवाणी पाय त्यावर ठेवला. पॅडलच्या मागं सासऱ्याची बोटं दिसत होती, वायर मुडपून धरलेली.

"दाब, बहू."

तिनं दाबलं. इंजिन उठलं.

"आणखी."

तिनं दाबलं.